भाग दुसरा लिहायचा राहिला

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकताना कंबर कुरकुरते, तेव्हा हा नमस्कार मनापासून असला तरी अर्ध्यावरच थांबला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे देवाच्या कृपेनं बायको बरी आहे, कन्या बरी आहे, मीही बरा आहे. ब्लॉग मात्र बरा नाही. त्याला काय झालं ते तुम्हाला कळवणं भाग आहे, कारण त्या दुखण्यात तुमचाही थोडा हात आहे. हात कसला, उजव्या हाताची पहिली दोन बोटं.

तुम्हाला ठाऊकच आहे, बावीस वर्षं मी तुमच्या शाळासोबत्याच्या दोरे-बटणांच्या दुकानात, खिडकीजवळच्या बाकावर बसून शिलाई मशीन दुरुस्त केली. मालक तापट, पण पगार आणि चहा दोन्ही वेळेवर. मशीन घेऊन आलेल्या बायांना टाका का सुटतो, दोरा का गुंततो हे समजावून सांगायची मला खोड. (मालक म्हणायचे, याला दुरुस्तीचे पैसे देतो, प्रवचनाचे नाही.) ते बघून कन्या म्हणाली, बाबा, एवढं बोलताच आहात तर लिहा की. म्हणून ‘जुनं मशीन टाकू नका’ हा ब्लॉग सुरू झाला. लोक वाचू लागले. मग कन्येनं त्यावर जाहिराती घ्यायची सोय केली. वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट दाबलं की कंपनी आपल्याला पैसे देते. मी विचारलं, त्यानं काहीच विकत घेतलं नाही तर? तरी देते. चुकून दाबलं तर? तरी देते. मामा, गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे की घाम न गाळता काही मिळालं तर घेण्याआधी ते दोनदा निरखून बघावं. मी एकदाच बघितलं, तेही चष्मा न लावता.

तिसऱ्या महिन्यात जाहिरातींचे पैसे पगाराच्या वर गेले आणि मी दुकान सोडलं. मालक रागावले नाहीत, हेच मला लागलं. एवढंच म्हणाले, “जा बाबा. तुझ्या त्या नव्या मालकाचं तोंड एकदा बघून ये म्हणजे झालं.” मी हसलो. पुढच्या महिन्यात वाचणारे तेवढेच, बोटं तेवढीच, आणि पैसे निम्मे. का, ते कुणाला विचारायचं कळेना. दुकानात निदान मालकाच्या भुवया बघून दिवस कसा जाणार ते ओळखता यायचं. या मालकाला भुवयाच नाहीत. आणि जाहिराती तरी कसल्या? मी दोन पानं घाम गाळून लिहावं की जुनं मशीन टाकू नका, त्याला तेल द्या, आणि खाली लगेच हसणाऱ्या बाईचं चित्र: जुनं टाका, नवं घ्या. माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांसमोर मला रोज कुणीतरी खोटं पाडत होतं, आणि त्याबद्दल मी पैसे घेत होतो. प्रार्थनेला बसलो की हे आठवायचं. मग मी प्रार्थना थोडी लवकर आटपायचो.

पैसे घटले तेव्हा कन्येनं युक्ती सांगितली. एका लेखाचे दोन करायचे, म्हणजे माणूस दोनदा येतो. त्याप्रमाणे ‘मशीन संपूर्ण उघडून साफ कसं करावं’ या लेखाचा पहिला भाग मी टाकला. उघडण्याचा. जोडण्याचा भाग पुढच्या आठवड्यात टाकणार होतो. तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. तुमच्या पानावरचे क्लिक माणसांचे दिसत नाहीत, यंत्राचे दिसतात, सबब खातं बंद, आणि राहिलेले पैसेही मिळणार नाहीत. खाली कुणाची सही नाही. मी सगळं समजावून सांगणारं उत्तर धाडलं. त्याला अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. (तुम्ही यंत्र आहात असं मला सांगणारं ते पत्र कुणी लिहिलं असेल, यावर मी बराच विचार केला.)

कन्येनं ब्लॉगच्या मागच्या बाजूचा तक्ता उघडला. तुमच्या गावाहून रोज सकाळी सहा चाळीसला क्लिक सुरू होतात, सातला बंद होतात. रोज तेवढेच, कुणी कुठल्याही जाहिरातीवर श्वासभरसुद्धा थांबत नाही. गुरुवारी शून्य. मामा, गुरुवारी तुमचं मौन असतं आणि मोबाइल कपाटात असतो. मग सगळं लक्षात आलं. बागेतल्या बाकावर तुमचं फिरायला येणारं मंडळ बसलेलं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि तुम्ही घड्याळ बघून म्हणताय, “चला, भाच्याचं उरकून घेऊ.” एकतीस वर्षं कारखान्याचा भोंगा तुम्ही वाजवलात, एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. असा वक्तशीर माणूस त्या कंपनीनं कधी बघितला नसावा. त्यांना वाटलं, हे यंत्रच. मला राग आला होता, पण खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

तरी आता बोटं आवरा, एवढीच विनंती. मामींना नमस्कार, मंडळातल्या सगळ्यांना धन्यवाद आणि सबुरीचा सल्ला. आशीर्वाद असू द्या, लांबूनच.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. मालक तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. भाचा परत यायला तयार आहे असं सहज, तुमच्याच मनात आल्यासारखं त्यांच्या कानावर घाला. मी सांगितलं असं म्हणू नका. घरात आता दुसरी मिळकत नाही आणि बायको पंधरा दिवसांपासून माझ्याशी फार गोड बोलते आहे, म्हणजे तिला काळजी लागली आहे. मालकांनी आढेवेढे घेतले तर एवढंच विचारा, दुकानात पिशव्यांतून सुटे भाग घेऊन बायका येताहेत का? येतच असणार. त्यांनी पहिला भाग वाचलेला आहे. दुसरा फक्त मला येतो.

आणखी एक ता. क. पत्र बंद करण्याआधी कन्येला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तक्ता पुन्हा बघा. तुमच्या गावाहून रोज चौदा क्लिक. आमच्या घरून तीस. ते माझे. रोज प्रार्थना झाली की ब्लॉग उघडून मी एकेका जाहिरातीला बोट लावत होतो. कोण कुठला माणूस पैसे मोजून आपल्या दारात उभा राहतो, त्याची साधी विचारपूस करू नये, हे मनाला पटत नव्हतं. शिवाय बागेतल्या मंडळाला कामाला लावा असं मीच तुम्हाला लिहिलं होतं, तेही आज आठवलं. तेव्हा तुमच्या बोटांबद्दलचा सगळा मजकूर मागे घेतो. कागद दोन्ही बाजूंनी भरला आहे म्हणून फाडत नाही. मालकांबद्दलची विनंती मात्र जशीच्या तशी ठेवावी.

शेवटचं. आत्ताच मामींचा फोन आला. तुम्ही पहिला भाग वाचून त्यांचं मशीन उघडलंत, तीन आठवडे ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आहे आणि तुम्ही दुसऱ्या भागाची वाट बघताय, हे मला कळवलं नव्हतंत. मामींनी मात्र चौथ्याच दिवशी वाट बघणं सोडलं. माझ्या लेखाखालच्या त्या हसणाऱ्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं आणि नवं मशीन मागवलं, ते काल आलं. आठ महिन्यांत माझ्या ब्लॉगवर पडलेला हा एकच खरा क्लिक असावा, आणि तोही खातं बंद होण्याच्या आदल्या दिवशीचा. त्याचेही पैसे बुडाले. तरी जुनं टाकू नका. सगळे स्क्रू मोजून डब्यात घाला आणि ते मशीन दुकानावर पाठवून द्या. वर माझं नाव लिहा. खिडकीजवळचा बाक मला परत मिळाला तर पहिलं काम तेच घेईन.