‘ळ’चा बंदोबस्त

१ डिसेंबर १९५५, गुरुवार
शाळेत विद्यार्थी-मंत्रिमंडळ स्थापन. हेडमास्तरांची हौस. मुख्यमंत्री दहावीतली शीला. वेण्या दोन, जीभ एकच, पण लांब. पहिलाच ठराव : स्नेहसंमेलनात कविता ठरावीक मुलांनीच का म्हणायच्या? ज्याला म्हणायची त्याला म्हणू द्या.
हसलो. आठवड्यात विरेल.
कार्यक्रमाच्या शेवटी मी माझी ‘सांजवेळ’ म्हणतो. लोक त्यासाठीच थांबतात. (नंतर चहा असतो, हा योगायोग.) यंदा रिटायर होणार. म्हणजे हे शेवटचं म्हणणं. गाजलंच पाहिजे.

५ डिसेंबर
कळव्याच्या मिठागराकडचा काळुराम कवितेसाठी नाव द्यायला आला. नाव विचारलं. म्हणे, कालुराम. स्वतःच्या नावातला ‘ळ’ पेलत नाही, तो कविता काय पेलणार? म्हटलं, आधी नाव शिकून ये. तर म्हणतो, आमचे घरान सगली मना कालुरामच बोलतान, सर. घरी बोलोत!
शीला दारातच होती. म्हणाली, हा अन्याय आहे. मुख्यमंत्र्यांना वर्गाबाहेर उभं केलं.

६ डिसेंबर
तोडगा सापडला. उच्चार-कसोटी! माझीच ओळ म्हणून दाखवायची : ‘सोनसळी वेळ मावळे, तळ्यात कमळ झाकोळे.’ ज्याचा ‘ळ’ घसरला, तो स्टेजवर नाही. मग तो कुणीही असो. हेडमास्तरांची सही घेतली. शीलाने विचारलं, कुणीही म्हणजे कुणीही ना, सर? ठणकावून सांगितलं, कुणीही. वहीत लिहून घेतलं. वचकली असावी.
माझे वरचे दात दिवाळीतच गेले. पण ‘ळ’ टाळूतून येतो, त्याला दात लागत नाहीत.

२ जानेवारी १९५६
कवळी आली. टाळूला गुलाबी छप्पर. दहा वर्षांनी तरुण दिसतो. सौ. म्हणाली, बोला बघू काहीतरी. बोललो. तोंडाला पदर लावून आत पळाली. गहिवरली असावी.

३ जानेवारी
हजेरीत ‘काळुराम’ पुकारलं. तोंडातून ‘कालुराम’ पडलं. पोरगं ताडकन उभं, हजर सर! मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगत होतं म्हणे, आज सरांनी माजा नाव बराबर घेतला.
कवळी नवी आहे. जीभ सुटेल.

९ जानेवारी
पहाटे प्रॅक्टिस. ‘सोनसली वेल मावले.’ सौ. स्वयंपाकघरातून विचारते, कसली वेल? परसात लावायची का? कवळी काढून म्हटलं. ‘ळ’ फर्स्ट क्लास, पण ‘सोनसळी’ची ‘होनहळी’ होते.
घरात काव्याला पोषक वातावरण नाही.

१६ जानेवारी
कसोटी. हेडमास्तर म्हणाले, आधी तुम्हीच नमुना म्हणून दाखवा. म्हटला. मागून कुणीतरी, सर नापास! घसा बसलाय म्हटलं. हेडमास्तर म्हणाले, घसा बसलाय, पण कवळी बसलेली नाही. शीला उठली. कुणीही म्हणजे कुणीही, हे सरांचेच शब्द, म्हणाली.
नियमाखाली हेडमास्तरांची सही. माझ्याच आग्रहाची.

२० जानेवारी
मंत्रिमंडळाचा नवा ठराव : उच्चारावरून कुणालाही अडवू नये. सूचक शीला, अनुमोदक काळुराम. कसोटी रद्द. शीला येऊन सांगते, सर, तुमचंही नाव घातलंय, आता कुणी अडवणार नाही. मला! यांच्या मेहेरबानीवर!
बाणेदार नकार देणार. उद्या.

२८ जानेवारी, शनिवार
म्हटली. नंबर काळुरामच्या मागे. त्याला टाळ्याच टाळ्या. लोकांना हल्ली काहीही आवडतं. पडद्यामागे माझ्या कानात म्हणाला, भिऊ नका सर, मी पन पैला भ्यालो.
चहा यंदा आधीच वाटला. ‘सांजवेळ’च्या वेळी मांडवात सौ. आणि मंत्रिमंडळ, एवढेच उरले.
वन्समोर आला. एकाचाच. कालुरामचा.