गोजरच्या ताटाचा उजेड

गोजर बाई, तुला दादाचा सप्रेम जय भीम.

रविवारी राजकुमारनं मला म्हैसमाळला नेलं. म्हणाला, "आबा, आपल्याकडचा सगळ्यात उंच माथा दाखवतो, मोकळं वाटंल." मागं मी एकदा रस्ता चुकलो, तेव्हापासून पोरगा ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावतो. पुंडलिकनगरात मी ग्यालरीपुरता उरलोय.

मागल्या खेपेला तू भेटायला आलीस तेव्हा आपलं गुपचूप ठरलं होतं, तशी तू दर रविवारसारखी अकरा वाजता खाली वाडीत तुझ्या घराच्या माळवदावर चढलीस. तुझं ताट उन्हात लखकन चमकलं अन् माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता मी खिशातला दाढीचा आरसा चमकवायचा, की तू तुझ्या आनंदाला जीप घेऊन वर धाडणार आणि मी कायमचा तुझ्याकडं येणार.

पण माझा उजवा हात करुणानं घट्ट धरलेला. सात वर्षांची नात! "आबा, हात सोडायचा नाय. तुम्ही लई हरवता."

"अगं, आरसा तर काढू दे."

"इथं डोंगरावर दाढी करता का?"

राजकुमार हसला, मीही हसलो. हात सोडवायचं बळ होतं गं, मन झालं नाही. तुझं ताट बराच वेळ चमकत राहिलं, मग विझलं.

आता रोज अकराला ग्यालरीत आरसा धरतो. ऊन समोरच्या इमारतीवर आदळून तिथंच थांबतं. पत्र पेटीत टाकावं, तर दार बंद. करुणाकडं द्यावं, तर ती आता वाचायला शिकलीय.

तुझा, कुलपाआतला दादा,
कडुबा