सहावा चौकोन

१ एप्रिल
आज नगर कार्यालयात रुजू झाले. टोकियोतली सॉफ्टवेअर कंपनी सोडून या डोंगरातल्या गावी आले म्हणून आईने मला वेड्यात काढलं. काढू दे. तीन वर्षांची नेमणूक आहे आणि काम मी मागूनच घेतलंय: धोक्याच्या वेळी वस्ती रिकामी करण्याचा आदेश लवकर निघेल अशी सोय करणं. गेल्या सप्टेंबरच्या वादळात तो कागद नऊ शिक्के गोळा करत टेबलांवरून फिरत राहिला आणि चाळीस मिनिटं उशिरा निघाला. तोवर ताकिशिता वस्तीवर दरड आली होती. तीन माणसं गेली. माझ्या पद्धतीत एक बटण दाबलं की सतराही घरांतले फोन एकदम वाजतील. महापौरांनी कंबरेत वाकून स्वागत केलं. फार बरं वाटलं.

९ एप्रिल
प्रस्ताव लिहिला. तोही कागदावर, नऊ अधिकाऱ्यांच्या शिक्क्यांसाठीच्या नऊ चौकोनांसकट. शिक्के बंद करायलाही शिक्केच लागतात. शेजारच्या टेबलावरच्या शिओमी-सान इथे एकतीस वर्षं आहेत, माझी शिकवणी घेतात. शिक्का सरळ मारायचा नाही म्हणे. साहेबांच्या चौकोनाकडे जरा कललेला हवा, म्हणजे वाकल्यासारखा दिसतो. मी सरळच मारला. त्या म्हणाल्या, "मारा हो, नवीन आहात तोवर मान ताठच असते."

२० एप्रिल
ताकिशिताला जाऊन आले. वस्तीच्या प्रमुख मात्सुए-सान एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा नवरा त्या दरडीतच गेला. बांबूचे कोंब बांधून देत होत्या. सरकारी माणसाला घेता येत नाही म्हटल्यावर हसल्या, "मग इथेच बसून खा की, पोटात कोण डोकावतंय?" खाल्ले. यंदाच्या वादळांआधी तुमचे फोन वाजायला लागतील, असं सांगून निघाले.

१३ मे
प्रस्ताव सहाव्या चौकोनात अडकलाय. तो उपप्रमुख कुवाबारा-सान यांचा. त्यांची खुर्ची मी कायम रिकामीच पाहिली आहे, म्हणून आज चौकशी केली. शिओमी-सान शांतपणे म्हणाल्या की ते जानेवारीत वारले, याच टेबलावर. मग कागद त्यांच्या ट्रेमध्ये कशाला ठेवता, असं विचारलं. "माणूस गेला, पद कुठे गेलंय? वेळ घेतात थोडा, पण मारतात शिक्का." मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

१४ मे
त्या ट्रेमधून पुढे गेलेले कागद काढून पाहिले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. सगळ्यांवर कुवाबारांचा शिक्का, इतका कललेला की जवळजवळ आडवाच पडलाय. कालच्या कागदाची लाल शाई बोटाला लागली. त्यांच्या बायकोने तो शिक्का शवपेटीत त्यांच्या हातात ठेवला होता, त्यांच्याबरोबरच जळला, असं शिओमी-सान सांगतात. आणखी एक कळलं. कुवाबाराही बाहेरूनच आले होते, मोटारीच्या कारखान्यातली नोकरी सोडून. सुधारणा करायला. गेल्या वर्षीची ती चाळीस मिनिटं त्यांच्याच टेबलावर गेली.

२ जुलै
प्रस्ताव अजून तिथेच. बाकी सगळ्या कागदांवर शिक्का बसतो, माझ्या कागदावर नाही. बास झाला हा पोरखेळ. आठ चौकोनांचा नवा तक्ता छापला, सहावा काढूनच टाकला, आणि कागद स्वतः पुढे नेऊन दिला.

३ जुलै
सकाळी तोच कागद माझ्या टेबलावर. नऊ चौकोन. सहाव्यात छापलेलं नाव — कानामोरी. माझं.
सगळं खातं उभं राहून टाळ्या वाजवत होतं. जागा भरली एकदाची, अभिनंदन! कुवाबारांचा ट्रे उचलून माझ्यापुढे ठेवला. म्हटलं उत्तम, प्रस्ताव माझा, चौकोन माझा, आता अडवतो कोण? शिक्का शाईत टेकवला. हात खाली येईना.

८ ऑगस्ट
छत्तीस दिवस. माझ्या प्रस्तावावर हात बोटभर वर थांबतो. डॉक्टर म्हणतात, हात ठणठणीत आहे. इतर कागदांवर शिक्का बसतो — दोन दिवस ठेवून घेतल्यावर, एखादा जादा दाखला मागितल्यावर. काल एक कागद परत पाठवला. का? त्यात काहीच कमी नव्हतं. आणि लिहायला लाज वाटते, पण परत पाठवून फार बरं वाटलं मला.

११ सप्टेंबर
वादळ आमच्याकडे वळलं. राजीनामा लिहिला. तोही याच ट्रेमधून जातो. सहाव्या चौकोनातून —

१२ सप्टेंबर, दुपारी एक-दहा
ताकिशिता रिकामी करण्याच्या आदेशाचा कागद आला. पाच शिक्के झालेत. माझा शिक्का हातात आहे. हाता, ये खाली. ये ना रे —

एक-तीस
शिओमी-सानना म्हटलं, माझा हात धरा, दाबा. त्या म्हणाल्या, घाई कसली, कुवाबारा-सानही असेच बारकाईने बघायचे —

एक-पंचेचाळीस
मात्सुए-सानचा फोन. ओढा गढूळ झालाय, ओल्या मातीचा वास सुटलाय, निघायचं का म्हणून विचारतात. सगळी वस्ती त्यांच्या अंगणात जमलीय. मला एवढंच म्हणायचं होतं — पळा. तोंड उघडलं. आवाज माझाच, गोड, आदबशीर: "आपला विषय विचाराधीन आहे. कृपया घरीच थांबावं."
बरं, थांबतो, म्हणाल्या. यंदा तुमच्यासारखं माणूस बसलंय तिथे, म्हणून आम्हाला अगदी —