दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

बाबा, मी टांझानियातल्या त्या खेड्यात दोन वर्षं राहिले आणि तुम्ही ते बघायला आला नाहीत, ही गोष्ट इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. बाकी इथे रत्नागिरीत सगळं बरं आहे. आईचे गुडघे सोडले तर तीही ठणठणीत आहे. मी कॉलेजात शिकवते, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालते, तुमच्यासारखीच बाजारात बांगडा उलटासुलटा करून बघते आणि शिव्या खाते. तुम्हाला हे सगळं सांगायला बसले की सुई मात्र फिरून तिथेच येते.

पोफळीच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुमच्या पॉवरहाऊसमधले एक सहकारी आले होते. मी चहाचा कप पुढे केला, ते म्हणाले, "नको गो, आत्ताच झाला," आणि मी कप सरळ आत नेऊन ठेवला. ते गेल्यावर तुम्ही मला असं झापलंत की आईनेसुद्धा भांडी घासायची थांबवली. "माणूस नको म्हणतो ती रीत असते. परत विचारायचं. तिसऱ्यांदा विचारायचं. नुसतं एकदा विचारणं म्हणजे जा म्हणण्यासारखंच." तुम्ही स्वतः तरी काय वेगळे होतात? आत्याकडे गेलं की मोदकाला दोनदा हात आडवा धरायचा आणि तिसऱ्या आग्रहाला पाच हाणायचे.

ती रीत अंगात मुरवून मी आफ्रिकेत गेले. तेविसाव्या वर्षी, एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला. ज्या बाईंच्या घरी मला खोली मिळाली होती त्यांनी पहिल्या संध्याकाळी मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि पालेभाजी वाढली. थोडं खाल्लं, त्यांनी आणखी हवं का विचारलं, मी लाजून नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पातेलं उचलून नेलं. मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर मी अर्धपोटी झोपले आणि मनातल्या मनात त्या भल्या बाईला कंजूष ठरवून मोकळी झाले. शेवटी एका दुपारी न राहवून हो म्हटलं, तर तिने ताट शिगोशीग भरलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, "इतके दिवस तुला भूक नव्हती ना? मला वाटलं आमचं जेवण आवडत नाही."

मग मी तिथली झाले. सकाळी हातपंपावर रांग लावते, डोक्यावर डबा घेऊन निम्मं पाणी अंगावर सांडते, पंपावरच्या बायका खिदळतात. वर्ग भरण्याआधी पोरं शाळेचं अंगण झाडतात, त्या धुळीत उभी राहून मी हजेरी घेते. कोळशाच्या शेगडीवर चहा करायला शिकले, आणि हो म्हणजे हो, नको म्हणजे नको, हेही शिकले. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. किती सुटसुटीत, वाटायचं. आपल्याकडची ती ओढाताण आठवून हसू यायचं.

रेंज मिळवायला रविवारी टेकडी चढायची आणि तुम्हाला फोन लावायचा. तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "खांब आले काय गो गावात?" आयुष्यभर डोंगराच्या पोटात बसून वीज तयार केलेल्या माणसाला आपली मुलगी कंदिलात वह्या तपासते हे सोसत नव्हतं. त्यातल्याच एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, या ना इकडे. शाळा बघा, माझं घर बघा." तुम्ही म्हणालात, "नको गो. माझं काय काम तिकडे? तुला उगाच व्याप." मी म्हटलं, "बरं." आणि आंब्याला मोहोर कसा आहे ते विचारलं.

बाबा, मी परत विचारलंच नाही. राग नव्हता, कंटाळा नव्हता. तुम्ही नको म्हणालात आणि मला ते खरं वाटलं, एवढंच. पुढे पावसाळ्यात तुम्ही अचानक गेलात. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुमचे कपडे आवरताना आईने कपाटातून दोन कोऱ्या पँटी काढल्या, घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हणाली, "तुझ्याकडे यायला म्हणून शिवून घेतल्यानीत. पासपोर्टही काढलानीत. म्हणायचे, पोर परत विचारील तेव्हा घाई नको व्हायला. दर रविवारी फोन ठेवला की माझ्याकडे बघायचे." मी त्या पँटी मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मला कळलं नाही असं म्हणता आलं असतं. मला तुम्हीच शिकवलं होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते टेबलाच्या खणात जाईल. पण एक तुमच्या कानावर घालते. परवा कॉलेजातल्या नव्या मॅडम घरी आल्या होत्या. आफ्रिकेचा विषय निघाला. त्यांनी सहज विचारलं, घरून कुणी भेटायला आलं होतं का? मी म्हटलं, "हो, बाबा आले होते. दहा दिवस होते. शाळेवर सोलर बसवून दिलं त्यांनी." कसं बोलून गेले कोण जाणे. असं मी याआधीही दोघातिघांना सांगितलंय, पण आईसमोर कधी नाही. ती शेजारीच बसून लसूण सोलत होती. आता काय म्हणते म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिने वर न बघता मॅडमना सांगितलं, "येताना तिकडची कॉफी आणलीनीत. कडूजहर होती. पण सगळी संपवली आम्ही."