पाहुण्यांसमोरचा मोसंबीचा रस

शनिवार, दुपार

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. गेलेल्या माणसाला टाकून बोलू नये, असं आईनं शिकवलं होतं. आज बोलणार आहे.

शेवगावच्या घरी मला बघायला पाहुणे आले तो दिवस. आई स्वयंपाकघरात मोसंबीचा रस गाळते आहे, त्यात साखर ढवळते आहे आणि तुमच्यासाठी एक ग्लास बिनसाखरेचा ठेवते आहे. मी ट्रे घेऊन बाहेर येते. तुम्ही नेमका तो ग्लास सोडून गोडातला उचलता. मुलाचे मामा विचारतात, "मास्तर, शुगर-बिगर न्हाई ना घरात कुनाला? आजकाल लई पसरलंय." तुमच्या गोळ्या तेव्हा आईच्या ट्रंकेत, साड्यांखाली. "छे हो! आमच्या सात पिढ्यांत नाही," तुम्ही म्हणता आणि ग्लास रिकामा करून मला हुकूम सोडता, "आण गं अजून एक."

पाहुणे गेल्यावर तांब्यामागून तांब्या पाणी पीत पडून राहिलात. मी काही म्हणायच्या आत म्हणालात, "फळाची साखर देवाची. ती बाधत नसते." शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस! खोटं बोललात ते एक वेळ समजू शकते, मुलीचे बाप होतात. पण ते खोटं तुम्हाला गोड लागू लागलं. पुढे रोज बसस्टँडसमोर मोसंबी प्यायचात, रसवाल्याला ऐटीत "विदाऊट" सांगून. जणू चार मोसंब्या पिळल्या की त्यांची साखर चोथ्यात राहते. शुगरपायी पाय कापावा लागला तेव्हाही दवाखान्यात भेटायला येणारे रसच आणत आणि तुम्ही कुणाला नको म्हणाला नाहीत. हा भाबडेपणा नव्हता, अण्णा. भित्रेपणा होता, आणि त्याला तुम्ही घराची अब्रू म्हणायचात.

हे लिहिताना मला बरं वाटतंय, तेही मला दिसतंय. त्या ग्लासावर माझं लग्न जमलं. त्याच संसारात बसून तुम्हाला तुच्छ लेखणं मला जरा सोयीचंच आहे.

उद्या नगरला आमच्या घरी, आमच्या लेकीला बघायला पाहुणे येतायत. आणि गेल्या वर्षापासून शुगर मलाही आहे. तुमच्या जावयांनी डाळिंबाच्या ज्यूसचे पॅक आणलेत.

"सगळ्यांबरोबर तूही घे. साखर घातलेली नाही, वर लिहिलंय."

"घालायची गरजच काय? आतच आहे ती."

"एवढी अक्कल उद्या पाजळू नकोस. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

जावई तुम्ही अगदी स्वतःसारखा पाहून निवडलात.

मी ते पॅक फ्रिजमध्ये लावले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करायला हरकत नाही: जिच्या नावाखाली हे सगळं चाललंय, तिलाही मी अजून काही कळू दिलेलं नाही.

उद्या: पाहुणे यायच्या आधी लेकीला सांगणे, मला शुगर आहे.