शहाण्णव टक्के बरे होणार

३ जानेवारी, सकाळी ७
परिषदेच्या भाषणाची सुरुवात ठरली. "सर्जन मित्रांनो, पेशंट बरा झाला तर देवाची कृपा, दगावला तर आपला चाकू! किती दिवस ऐकून घ्यायचं?" टाळ्या नक्की. मग उत्तर : आपलं कॉम्प्युटर मॉडेल. आपल्याच हॉस्पिटलच्या दहा वर्षांच्या फाइलींवर शिकलेलं. ऑपरेशनआधीच सांगतं, पेशंट बरा होण्याची शक्यता किती. संकल्प : यापुढे निर्णय आकड्यावर.

८ जानेवारी
भावोजींना, म्हणजे ताईच्या मिस्टरांना, आतड्याचा कॅन्सर. वय ७८, फुप्फुसं खिळखिळी. भूलतज्ज्ञ म्हणतात, टेबलावर घेऊ नका. मॉडेल म्हणतं, ९६ टक्के. भूलतज्ज्ञ मुळातच भित्रे.
ताईनं विचारलं, तुझं मन काय म्हणतं? म्हटलं, आकडा बघ. ती म्हणाली, आकडा मला ताई म्हणत नाही रे, तू म्हणतोस.

११ जानेवारी
वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, सर, मॉडेलला हर्नियाच्या तरण्या पोरापेक्षा तुमचे भावोजी ठणठणीत वाटतायत. त्यांनी जुन्या फाइली उपसल्या. आशा संपली की आपण नातेवाइकांना सांगतो, घरी न्या, माणसांत राहू द्या. फाइलीवर शिक्का : 'घरी सोडले'. मॉडेलनं ते सगळे बरे झालेले धरलेत; म्हणून पेशंट जितका खचलेला, तितका आकडा मोठा.
म्हटलं, तो शिक्का माणुसकीचा आहे. माझा मृत्युदर कमी दिसतो हा योगायोग. सिस्टर म्हणाल्या, योगायोग फार वक्तशीर आहे, सर.
भाषणानंतर तपासू.

१४ जानेवारी
ऑपरेशन उत्तम. टाके बघत राहावेत असे.

१९ जानेवारी
आतड्याचा जोड सुटला. ताप. व्हेंटिलेटर. आकडा अजून ९६. धीर येतो. ताईला दाखवणार होतो, पण फोन चार्जिंगला होता.

२४ जानेवारी
ताईला म्हणालो, घरी ने, माणसांत राहू दे. तिनं विचारलं, म्हणजे बरे झाले ना रे? तेवढ्यात राउंडची वेळ झाली.
शिक्का मारला. मॉडेलच्या खात्यात आणखी एक यश.

२६ जानेवारी
काल दुपारी भावोजी गेले. ताईनं फोन सिस्टरना केला, मला नाही. दुःखात माणसं नंबर चुकतात.

२ फेब्रुवारी
परिषद. ठरलेल्या सुरुवातीचा कागद घडी करून खिशात टाकला. टाळ्या नाहीत. बोललो ते एवढंच : मित्रांनो, माझ्या यशस्वी पेशंटांत माझे भावोजी आहेत. ते वारले. तुम्ही घरी सोडलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी तिसाव्या दिवशी फोन करा, आणि समोरून जे ऐकाल तेच फाइलीत लिहा.