बांधावरची दुसरी पाटी

बाबा, आपला मंगळवार मी दिला. हे आधीच सांगते, म्हणजे रागवायचं तर आत्ताच रागवून घ्या.

म्हापशाच्या वाटेवर नवी कॉलनी झालीय. ओहळाचं आपल्या वाट्याचं मंगळवारचं पाणी त्यांना टँकरने हवं होतं. त्यांचे सेक्रेटरी मूळचे कोल्हापूरचे, मुरगाव बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. आपल्या स्वयंपाकघरात चहा पीत भाव विचारत होते. खरं सांगते, मी विरघळले होते. वाडीतली पोरं बाहेरगावी कामाला. यंदा बांध घालायला माणसंच पुरत नव्हती. बांध नाही तर ओहळ सरळ खाडीला, आणि आपलं उन्हाळी भात, वायंगण, संपलंच. मग तुमचं ते बोलणं आठवलं, "जो बांधार माती घालता, तेका पाणी." म्हटलं, पैसे नकोत, माणसं आणा. पाणी पिणाऱ्या प्रत्येकाची एक पाटी माती.

"आमच्याकडं पाण्याला पैसं लागत्यात, चिखुल न्हाई," ते म्हणाले. पण रविवारी बस भरून आले. पांढरे बूट, टोप्या, एकीच्या हातात तर छत्री. पहिल्या तासात दोघं घसरून ओहळात बसले. दुपारपर्यंत बांध मात्र उभा राहिला, आणि मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना दोनदा चहा दिला.

शेवटी सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "आमच्या एक आजी हैत, गुडघ्याचं आपरेशन झालंय. त्यांचं पाणी तुटणार का?" मी आणखी एक पाटी भरली, बांधावर ओतली आणि म्हटलं, "ही आजींची."

तिथेच मला तुम्ही दिसलात. मी दहा वर्षांची, गोधडीत. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून बघता आणि बांधाकडे निघून जाता. बांधावर दोन पाट्या ओतता आणि दुसरी ओतताना लोकांना सांगता, "ही माझ्या चेडवाची. तेका ताप इलो हा." दुपारी सगळ्यांना बांगड्याचं तिखट कालवण, हुमण, आणि मला तेवढी मिठाची पेज. मी कुरकुरले तर म्हणालात, "तापात हुमण चलना नाय." इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही फसलात.

हे पत्र टाकणार कुठे? तांदळाच्या डब्यात ठेवते, वायंगणाच्या. त्या दिवशी मला ताप नव्हता, बाबा.